लोखंडाचे माहेर



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते त्या आपल्या सरांनी आठवीच्या वर्गात आम्हाला तीन खिळे दाखवले होते. प्रयोगशाळेच्या खिडकीत तीन परीक्षानळ्या उभ्या केल्या. पहिलीत नळाचे पाणी आणि खिळा, तोंड उघडे. दुसरीत उकळून गार केलेले पाणी, त्यात खिळा आणि वर गोडेतेलाचा थर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन आत उतरायला नको. तिसरीत कोरडा खिळा, तळाशी ओल शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइडचे खडे, वर घट्ट बूच. आठवडाभर कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. पुढच्या सोमवारी पहिल्या नळीतले पाणी तांबूस झाले होते, बाकी दोन खिळे जसेच्या तसे. गंजायला पाणी लागते आणि ऑक्सिजनही लागतो, एकावर भागत नाही, हे आम्हाला कोणी न सांगता कळले. मग सरांनी चौथी नळी मांडली. तिच्यात जेटीवरून आणलेले समुद्राचे पाणी होते. तो खिळा दुसऱ्याच दिवशी तांबूस दिसू लागला. मिठाने तिथे नेमके काय केले, हा प्रश्न सरांनी आमच्याकडेच ठेवला आणि तास संपवला.

मी पुढे धातुशास्त्र शिकलो. नोकरीची सगळी वर्षे पूल, टाक्या, धक्के आणि इमारती यांतले गंजलेले लोखंड तपासण्यात गेली. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत असे मानून त्या चौथ्या नळीचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. उत्तर थोडे लांबचे आहे. वाटेत आपला जांभा येईल, आजीचा गेरू येईल, सह्याद्रीचा काळा पाषाण येईल. ही सगळी एकाच गोत्रातली मंडळी आहेत, आणि त्या गोत्राचे नाव लोह-ऑक्साइड.

आपण म्हणतो, लोखंडाला गंज चढला. जणू बाहेरून काही आले आणि त्याच्या अंगावर बसले. वस्तुस्थिती उलट आहे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे. ऑक्सिजन, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्यानंतर त्याचाच नंबर. पण आकाशातून पडलेल्या उल्का सोडल्या तर धातूच्या रूपातले लोखंड जमिनीवर जवळजवळ कुठेही सापडत नाही. ते ऑक्सिजनशी जखडलेले असते. ते त्याचे माहेर. आपण कोळशाची भट्टी पेटवून, प्रचंड उष्णता खर्चून त्याला तिथून काढतो, आणि मग ते आपल्या घरी विळी, तवा, सळई, पत्रा होऊन राबते. ओल आणि हवा मिळाली की ते परतीची वाट धरते. गंज म्हणजे ती वाट.

या माहेरी भावंडे अनेक. लाल ते हेमॅटाइट, दोन अणू लोहाचे आणि तीन ऑक्सिजनचे. शुद्ध असेल तर त्यात ७० टक्के लोह भरते. काळे आणि चुंबकाला धावून चिकटणारे ते मॅग्नेटाइट, तीन लोहाला चार ऑक्सिजन. पिवळसर तपकिरी ते गोएथाइट, त्याच्या घडणीत पाण्याचाही अंश असतो. खनिजे गोळा करण्याचा नाद असलेल्या गटे या जर्मन महाकवीचे नाव त्याला दिले आहे. खिडकीच्या गजावरचा आपला नेहमीचा गंज म्हणजे अशाच पाणी धरलेल्या ऑक्साइडांचे मिश्रण.

आता चौथी नळी. स्वच्छ घासलेल्या लोखंडी पट्टीवर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि भिंगातून बघत बसा. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे ऑक्सिजन भरपूर पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथे तो कमी पोचतो. लोखंड विरघळते ते मध्यभागी. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूमधून कडेकडे जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन त्यांना घेतात. मधून येणारे लोह आणि कडेचा अल्क जिथे भेटतात तिथे तपकिरी कडे उमटते. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकात हा प्रयोग शास्त्रात प्रसिद्ध केला. म्हणजे तो एवढासा थेंब ही एक बॅटरी आहे. गंज दिसतो एकीकडे आणि खड्डा पडतो दुसरीकडे, ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिची गरज लागेल. साध्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही. त्यात मीठ पडले की वाहते. शिवाय मिठातले क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर भेदते. मिठाने केले ते इतकेच, पण आपल्या किनारपट्टीवर ते पुरेसे आहे.

हे ऑक्साइड आले कुठून? अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रात लोह विरघळलेल्या रूपात भरपूर होते, कारण हवेत आणि पाण्यात मुक्त ऑक्सिजन नव्हता. मग सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म नीलहरित जीव वाढले आणि त्यांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली. तो ऑक्सिजन आधी लोहाने घेतला. समुद्रच्या समुद्र गंजले आणि तो गंज तळाशी बसत गेला, एक पट्टा लोहाचा, एक गारेचा. असे पट्टेदार खडक जगभर आहेत आणि त्यांतला एक आपल्या शेजारी गोव्यात आहे. आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन हवेत साठू लागला तो या लोहाची तहान बऱ्याच अंशी भागल्यावर. खाणीतल्या लाल दगडाचा तुकडा हातात घेताना मला नेहमी याची आठवण होते.

गोव्याच्या या दगडावर मी थोडेच बोलणार आहे, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. १९५०च्या दशकात तो जपानला जाऊ लागला, नंतर चीनला. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतून ट्रक, मांडवी आणि जुवारीतून बार्जी आणि मुरगावातून जहाजे. त्यावर हजारो घरे चालली, आणि त्याच खाणींचा लाल गाळ ओहोळांतून भातशेतीत उतरला. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले आणि २०१८मध्ये नूतनीकरण केलेले ८८ परवाने रद्द केले. माझे मत स्पष्ट आहे. ज्या शेतात गाळ गेला त्या शेतकऱ्याचा हिशेब पुरा केल्याशिवाय कोणतीही खाण चालू होऊ नये.

जांभ्यावर मात्र मी रेंगाळणार आहे. आपण सगळे या दगडाच्या घरांत जन्मलो, त्याच्या गडग्यांवरून उड्या मारल्या, तरी तो कसा झाला हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. जांभा हा वितळलेल्या रसातून थिजलेला दगड नाही आणि समुद्राच्या तळाशी बसलेलाही नाही. तो पावसाने घडवलेला आहे. मूळ खडकावर लाखो वर्षे धो धो पाऊस पडतो, मग ऊन तापते, पुन्हा पाऊस. पाणी खडकातले चुन्याचे, सोड्याचे आणि शेवटी गारेचे अंश धुऊन नेते. जे विरघळत नाही ते मागे उरते, म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. म्हणून तो लाल आणि म्हणून तो सच्छिद्र. जे धुऊन गेले त्याच्या जागा म्हणजे ती भोके.

चिरेखाणीवर कधी सकाळी जाऊन उभे राहा. आतला ताजा जांभा ओला असतो, रंगाने पिवळा, तांबडा, जांभळट असा मिसळलेला, आणि इतका मऊ की पूर्वी तो कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासून काढत. आता गोल पात्याचे यंत्र चालते आणि लाल धुरळ्याने माणसांच्या पापण्यासुद्धा रंगतात. काढलेला चिरा उन्हात ठेवला की त्यातली ओल जाते, लोहाची जलयुक्त संयुगे सुकून घट्ट होतात आणि दगड टणक होत जातो. हवेत उघडा ठेवल्यावर मजबूत होणारा बांधकामाचा दगड, हे किती विलक्षण आहे! फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश वैद्याने मलबारात अंगडिपुरम इथे लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७च्या आपल्या प्रवासग्रंथात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट असे नाव दिले. साऱ्या जगाचे भूविज्ञान आज तोच शब्द वापरते. खाणीवरच्या माणसांची विद्या मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

हाच जांभा पाचगणीच्या टेबललँडवर आहे, महाबळेश्वरच्या माथ्यावर आहे, कासच्या पठारावर आहे. कासला सप्टेंबरात जी फुले पाहायला आपण जातो ती या लोहाच्या टोपीवर साठलेल्या वीतभर मातीत उगवतात. इतक्या कमी अन्नात जगायचे म्हणून तिथल्या काही वनस्पती कीटक पकडून खातात. आणि आपल्या राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पे याच दगडात कोरलेली आहेत. देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत ही शिल्पे २०२२मध्ये गेली. ज्या सड्याला आपण पडीक म्हणतो तिथे आपल्या पूर्वजांनी हत्ती, मासे आणि माणसे काढून ठेवली आहेत. सडा विकण्यापूर्वी एवढे तरी डोळे उघडे ठेवून बघावे.

घाट चढून वर गेलो की दगड काळा होतो. आपल्या बसाल्टमध्येही वजनाने १० ते १५ टक्के लोहाची ऑक्साइडे भरतात, पण ती बारीक कणांच्या रूपात विखुरलेली आणि बरीचशी काळी. घाटातून जाताना रस्त्यासाठी तासलेल्या कड्याकडे पाहा. दोन काळ्या थरांच्या मध्ये हातभर जाडीचा विटकरी पट्टा दिसेल. एक लाव्हा वाहून गेला, थंड झाला, त्यावर ऊनपाऊस झाला, वरचे अंग कुजून लाल माती झाले, आणि मग दुसरा लाव्हा त्यावरून येऊन तिला भाजून गेला. दोन उद्रेकांमधल्या शांततेचा काळ तिथे लाल अक्षरांत नोंदला आहे.

काळ्या कणांनी याहून मोठी नोंद ठेवली. लाव्हा थंड होताना ५८० अंशांच्या खाली उतरला की मॅग्नेटाइटचे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे रोखले जातात आणि त्या दिशेत कायमचे थिजतात. १९५०च्या दशकात नोबेल विजेते ब्लॅकेट यांच्या प्रेरणेने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दख्खनचे दगड गोळा करून या दिशा मोजल्या. निघाले असे की हे खडक थिजले तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आजच्या जागेपासून हजारो किलोमीटर दूर. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत नव्हते. आपल्या पायऱ्यांना आणि जात्यांना वापरला जाणारा काळा पाषाण त्या वादात साक्षीदार म्हणून उभा राहिला, आणि त्याची साक्ष खरी ठरली.

आता घरात येऊ. दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नाआधी माझी आजी वृंदावन रंगवायची. बाजारातून गेरूचे ढेकूळ आणायचे, वरवंट्याने फोडायचे, रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी वरचे पातळ पाणी वेगळ्या भांड्यात घ्यायचे आणि खालची कचकच फेकून द्यायची. आज मी याला वर्गीकरण म्हणतो. जड कण खाली बसतात, बारीक वर तरंगतात आणि रंगाला बारीकच लागतात. रंगाच्या कारखान्यातही हेच होते. मग जुन्या धोतराच्या बोळ्याने तो रंग चढायचा. वाळला की त्यावर रांगोळीची पांढरी बोटे. ते वृंदावन वर्षभर उन्हात उभे असायचे, पावसाने रंग धुपायचा पण कधी फिका पडायचा नाही. कारण उघड आहे. ऊन रंग उडवते ते रंगाचे रेणू मोडून, आणि लोह-ऑक्साइडला मोडण्याची ताकद उन्हात नाही.

म्हणूनच भीमबेटकाच्या गुहांतले लाल प्राणी हजारो वर्षांनी दिसतात, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरचे लाल आणि पिवळे रंग टिकले. अजिंठ्याच्या चित्रकाराने निळ्यासाठी दूरदेशीचा राजावर्त आणवला, पण लाल गेरू आणि पिवळी पिवडी त्याला मातीतच मिळाली. पिवडी म्हणजे गोएथाइट. ती भाजली की तिच्यातले पाणी उडते आणि ती लाल होते, म्हणजे पिवडीचा गेरू होतो. वारली घरांत कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने चौक काढतात. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणि जगापुढे नेली. खाली सावंतवाडीपासून गोव्यापर्यंत देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो ओला असतानाच कोरतात, आणि खालचा पांढरा चुना चित्र होऊन वर येतो. अशी कितीतरी देवळे जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंटने रंगवली गेली. हे मला बोचते आणि ते इथे बोलून दाखवणे माझे कर्तव्य आहे. शेंदराला मात्र कोणी गेरूचा भाऊ समजू नये. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे, विषारी आहे. लहान मुलांच्या बोटांना तो लागू देऊ नका. गेरूचे तसे भय नाही.

जुन्या घरांतला लाल कोबाही याच घराण्यातला. सिमेंटमध्ये लाल ऑक्साइडची पूड कालवायची, सिमेंटच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि गवंड्याने थापीने घोटत बसायचे. जितका घोटाल तितका तो आरशासारखा होतो. वर्षानुवर्षे पायांनी आणि खोबरेल लावलेल्या फडक्याने तो गुळगुळीत होत जातो. उन्हाळ्यात दुपारी ज्यांनी त्यावर उघड्या पाठीने अंग टाकले आहे त्यांना मी काय वेगळे सांगू?

लोहाला माहेरातून बाहेर काढण्याची विद्याही आपल्याकडे जुनी. नागपूरजवळ नायकुंड इथल्या उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्यातल्या खड्यांपासून लोखंड काढत. इंग्रजांच्या काळात जंगलातला कोळसा बंद झाला, विलायती लोखंड स्वस्त आले आणि भट्ट्या विझल्या. चांदा जिल्ह्यातल्या लोहारा टेकडीच्या लोहखनिजाबद्दलचा फॉन श्वार्ट्झ यांचा १८८२चा अहवाल जमशेटजी टाटांनी वाचला आणि पोलादाच्या कारखान्याचा ध्यास घेतला. जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही. १९०४मध्ये प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाकडे लक्ष वेधले आणि कारखाना पूर्वेला गेला. ध्यासाची सुरुवात मात्र विदर्भातल्या टेकडीवरून झाली होती.

ऑक्साइडातून लोखंड डोळ्यांदेखत निघताना पाहायचे असेल तर रेल्वेच्या रुळावर पाहावे. दोन रुळांची टोके बोटभर अंतरावर ठेवतात, भोवती मातीचा साचा बसवतात, टोके लालबुंद तापवतात. वरच्या मुशीत लोह-ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम यांची पूड असते. ती पेटवली की ॲल्युमिनियम ऑक्सिजन हिसकावून घेते, तापमान अडीच हजार अंशांच्या आसपास जाते, आणि अर्ध्या मिनिटात पांढऱ्या तेजाचे वितळलेले पोलाद खाली साच्यात उतरते. बघणाऱ्याने काळा चष्मा घातलेला असतो. थोड्या वेळाने साचा फोडून, वरचे उरलेले कापून, घासून तो सांधा रुळाच्या पातळीला आणतात. या पद्धतीचे पेटंट हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५मध्ये घेतले. आपल्या रेल्वेचे लोक त्याला एटी वेल्डिंग म्हणतात. आपण गाडीत झोपतो तेव्हा चाके असे असंख्य सांधे ओलांडत असतात.

इतर उपयोग झपाट्याने सांगतो. कॅसेटच्या तपकिरी फितीवर लोह-ऑक्साइडचेच सुईसारखे बारीक कण असत. भीमसेनांची अभंगवाणी आपल्या घरांत वाजली ती त्या कणांच्या चुंबकी रांगेतून. घामोळ्यांवर लावतो त्या कॅलामाइनचा गुलाबी रंग म्हणजे जस्ताच्या ऑक्साइडात टाकलेले चिमूटभर लोह-ऑक्साइड. औषधांच्या गोळ्यांच्या लाल-पिवळ्या आवरणात तेच, सोनाराच्या शेवटच्या झिलईत तेच. आयुर्वेदातला मंडूर म्हणजे जुने लोहकीट, पांडुरोगावर शतकानुशतके वापरले गेलेले. ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे. आपल्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असते. त्यातले बरेचसे रक्तात. पण जे शिलकीत ठेवायचे ते शरीर फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात भरते, एका गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत अणू, आणि ते भरते गंजासारख्याच जलयुक्त ऑक्साइडाच्या रूपात. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर बाईला दवाखान्यात लोहाचे जे तपकिरी सलाइन लावतात त्यातही साखरेच्या वेष्टनातले लोहाचे जलयुक्त ऑक्साइडच असते. ते लावून घ्यायला घाबरू नका, घरातल्या लेकीसुनांना घाबरवू नका. आणि गंजलेला खिळा टोचला की धनुर्वात होतो तो गंजामुळे नव्हे, मातीतल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे. स्वच्छ दिसणारा खिळा टोचला तरी इंजेक्शनची विचारणा करावी.

दिल्लीच्या लोहस्तंभाबद्दल मला हमखास विचारतात. सव्वासात मीटर उंच, सहा टनांहून जड, सोळाशे वर्षे उघड्यावर. तो गंजला नाही असे नाही. तो अतिशय शहाणपणाने गंजला. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइड व फॉस्फेट यांचा इतका घट्ट, पातळ थर बसला की पुढची वाट बंद झाली. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या थराचा बारकाईने अभ्यास केला. दिल्लीची कोरडी हवाही त्याच्या मदतीला होती.

आपली हवा कोरडी नाही. म्हणून आता मी मूळ मुद्द्यावर येतो.

सिमेंट काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण ताज्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि इतक्या अल्कात सळईवर ऑक्साइडचाच एक अदृश्य, अखंड पापुद्रा तयार होतो. म्हणजे लोखंडाला सांभाळते तेही ऑक्साइडच. हा पापुद्रा दोन गोष्टींनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून अल्क मारतो, किंवा मिठातले क्लोराइड आत पोचते. मग थेंबातली ती बॅटरी काँक्रीटच्या पोटात चालू होते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. त्याला जागा नसते, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. आधी सळईच्या रेषेत केसाएवढी चीर, मग तपकिरी ओघळ, मग पोपडा, मग सळई उघडी.

मी राहतो त्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली असा ओघळ आम्ही तीन पावसाळे पाहिला. प्रत्येक वर्षी त्यावर रंग मारला गेला. मी सभेत बोललो, पण जोर लावून बोललो नाही, हे माझ्याकडून चुकले. चौथ्या पावसाळ्यात पहाटे तो तुकडा खाली पडला. खाली रोज दूधवाला सायकल उभी करतो. त्या दिवशी तो उशिरा आला, म्हणून वाचला. पडलेला तुकडा मी उचलून पाहिला. सळईवर सिमेंटचे आवरण जेमतेम बोटाच्या नखाएवढे होते, आणि बारा मिलिमीटरची सळई एका जागी पेन्सिलीच्या शिशाएवढी उरली होती. गंज एकीकडे, खड्डा दुसरीकडे.

उपाय महागडे नाहीत. भारतीय मानक ४५६ सांगते की किनाऱ्याच्या हवेत उघड्या काँक्रीटला सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवे, लाटांचे तुषार उडतात तिथे ५०, आणि काँक्रीट एम-३०पेक्षा हलके नको, तुषारांच्या जागी एम-३५पेक्षा. स्लॅब ओतण्याआधी सळईखाली आवरणाचे ठोकळे आहेत का, हे घरमालकाने स्वतः खाली वाकून बघावे. ठोकळ्यांच्या जागी खडी सरकवली असेल तर काम थांबवावे. खाडीची वाळू न धुता वापरू देऊ नये, खारे पाणी तर अजिबात नको. सात दिवस तरी गोडे पाणी मारावे, मिश्रित सिमेंट असेल तर त्याहून जास्त. गेटला आणि ग्रिलला रंग देताना आधी गंज पूर्ण खरवडून, मग रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. गंजावरच रंग मारणे म्हणजे ओल आत कोंडणे. या प्रायमरमधला लाल रंग म्हणजे पुन्हा तेच हेमॅटाइट आहे. ते आधीच माहेरी पोचलेले असते, त्याला आणखी गंजायचे उरलेले नसते, म्हणून ते उन्हापावसात लोखंडावर आडवे उभे राहते.

सरांचे प्रश्न गृहपाठासारखे असत. म्हणून मीही जाताना एक काम देतो. उद्या सकाळी उजेडात आपल्या घराच्या किंवा इमारतीच्या गॅलरीखाली, छज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीखाली जाऊन वर पाहा. सळईच्या रेषेत चीर किंवा तपकिरी ओघळ दिसला तर काठीने हलकेच ठोका, स्वतः बाजूला उभे राहून. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर त्यावर रंग मारू नका. खालची जागा दोरी बांधून बंद करा आणि त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.